आखूड, लांब, आखूड

माझ्या बायकोच्या मामांइतकं कमी बोलून इतक्या लोकांचं भलं केलेला माणूस आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि तसा कोणी झाल्याचा दावा घेऊन एखादा आलाच, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन. मामांनी उभा जन्म तारखात्यात काढला. बोटाखाली पितळी कळ आणि कानात कडकट्ट, अशी तीसेक वर्षं घालवून ते पेन्शनीत निघाले आणि राळेगावच्या बाजूला, बेंबळा नदीच्या काठी, आपल्या मूळ गावी येऊन राहिले. कळ सुटली, पण बोट काही स्वस्थ बसेना. देवळाच्या खांबावर, बैलाच्या पाठीवर, मामींनी वाढलेल्या ताटाच्या काठावर ते सारखं वाजत असायचं. त्यातला एक ठोका तर गावात सगळ्यांना पाठ झाला होता. आखूड, लांब, आखूड. तारेच्या लिपीत त्याचा अर्थ, निरोप पोचला. चहा आला की बशीवर आखूड, लांब, आखूड. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तेच, कारण भाजी पोचली हे तर खरंच होतं आणि मिठाची तक्रार हा मामांच्या हिशेबी वेगळा निरोप होता.

कोणाशीही बोलण्याआधी मामा विचारायचे, "हाय का?" समोरचा ढळढळीत समोर बसलेला असला तरी विचारायचे. त्याने "हाव" म्हटलं तर पुढचं बोलणं, नाहीतर थोडं थांबून पुन्हा "हाय का?" त्यांचं म्हणणं असं की माणूस समोर बसला म्हणजे तो हजर असतोच असं नाही. तेव्हा मी हसायचो. आता माझी स्वतःची माणसं माझ्यासमोर बसून भलतीकडेच असतात तेव्हा मला मामा आठवतात. आणि एकदा "हाव" आलं की सगळा निरोप एका दमात, आठ-दहा शब्दांत, आणि लगेच पाठ फिरवून चालू. कोणाकडे माणूस गेलं असलं तर तिथेही हाच खाक्या. "हाय का? लय चांगला माणूस होता. मले एकदा पुरातून ओढून काढलं. येतो." रडणारी मंडळी क्षणभर रडणं विसरून त्यांच्या पाठीकडे बघत राहायची.

माझं लग्नही असंच ठरलं. ज्या वर्षी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी मी या गावात मास्तर म्हणून आलो. महिनाभराने एका दुपारी सातचा पाढा चालू असताना शाळेच्या खिडकीत पांढऱ्या मिशांचं एक डोकं उगवलं. "मास्तर, हाय का?" मी गोंधळून "हाव" म्हणालो. डोकं म्हणालं, "भाची हाय माही. चवथी पास. भाकर चांगली. राग लवकर येते, लवकर जाते. हाव का नाई?" पोरं पाढा सोडून माझ्याकडे पाहत होती आणि त्या सगळ्यांदेखत "नाही" म्हणण्याइतका धीर माझ्यात नव्हता. मी पुन्हा "हाव" म्हणालो. खिडकीच्या गजावर आखूड, लांब, आखूड असं वाजलं आणि डोकं नाहीसं झालं. निरोपातला शब्द न् शब्द पुढे खरा निघाला, विशेषतः रागाचा.

हा स्वभाव आधीपासूनचाच, पण त्याला शास्त्राचा आधार मिळाला तो एका चिटोऱ्यामुळे. मामांकडे बॅटरीवर चालणारा पेटीएवढा रेडिओ होता. त्याचा व्हॉल्व गेला म्हणून ते नागपूरला गेले, आणि नवा व्हॉल्व ज्या कागदात गुंडाळून आला तो कुठल्याशा इंग्रजी मासिकाचा होता. व्हॉल्व बाजूला राहिला आणि मामा तो कागद वाचत बसले. त्यात लिहिलं होतं की पृथ्वीच्या पार उत्तर टोकाला, जिथे बर्फाशिवाय काही नाही, रस्ता नाही, तारेचे खांब नाहीत, तिथे आभाळात रंगीत उजेड नाचू लागतो आणि साधा रेडिओ दिवसचे दिवस मुका होतो. तिथल्या हवामानवाल्यांचे निरोप तिथेच अडकतात. मग शास्त्रज्ञांनी तोड काढली. तारा तुटतो तेव्हा त्याच्यामागे आभाळात एक तापलेली रेघ डोळ्याचं पातं लवेपर्यंत टिकते, आणि रेडिओची लाट त्या रेघेवर आपटून शेकडो मैल लांब जाऊन पडते. म्हणून तिथलं यंत्र सगळा निरोप आधीच बांधून तयार ठेवतं आणि दुसऱ्या टोकाकडून सारखी साद येत असते. तारा तुटला की ती साद यंत्राला ऐकू येते, ते ओ देतं, आणि तेवढ्या निमिषात सगळा निरोप ओतून मोकळं होतं. मग पुन्हा गप्प, पुढच्या ताऱ्यापर्यंत. मामांनी मला शाळेतून बोलावून घेतलं आणि तो कागद माझ्यापुढे धरला. "पाहा जवाईबापू. इकडून हाय का, तिकडून हाव. जे मी तीस वर्षांपासून करून राह्यलो, ते आता सायन्सनं मानलं." कागद खाली फाटलेला होता आणि त्यावरचा शेवटचा शब्द होता "परंतु". परंतु काय, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. मामांनी "बर्फातले वायरलेसवाले, उत्तर कॅनडा" एवढ्याच पत्त्यावर एक पत्र टाकून ते विचारलंसुद्धा. उत्तर आलं नाही. "वाट उघडली नसंल," मामा म्हणाले, आणि त्यांना त्यात जराही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

तेव्हापासून मामा पहाटे उठून रेडिओचा काटा रिकाम्या जागी लावून बसू लागले. नुसती खरखर. मधूनच कुठल्यातरी दूरच्या स्टेशनाचा अर्धा शब्द चमकून जाई आणि मामा वहीत लिहीत, "एक आला." पहाटेच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "सायकल जोरात हाणली का चिलटं तोंडावर आपटतेत. पाठीवर कधी आपटले का? पहाटे आपलं गाव धरतीच्या तोंडाले असते." भूगोल मी शिकवत होतो, पण पृथ्वी धावते आहे असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या वाक्याने. मामींना मात्र हे प्रकरण अशुभ वाटायचं. तारा तुटताना दिसला की कोणीतरी गेलं, असं त्यांच्या आईने सांगितलेलं. त्या हात जोडून "राम राम" म्हणायच्या, आणि मामा खरखरीतून मान वर न काढता सांगायचे, "कोणी मेलं नाई. कोणाचं तरी टपाल गेलं."

गावाच्या संयमाचा अंत पाहिला तो आरशाने. नदीपलीकडे टेकाडावर मोठं गाव होतं. सडक तिथे, यवतमाळची मोटार तिथे, आणि पोस्टही तिथे. त्या पोस्टातले तारमास्तर पूर्वी मामांच्या हाताखाली कळ शिकलेले. दोघांनी मिळून असं ठरवलं की रोज दुपारी बाराला मामांनी आमच्याकडच्या बरडावरून, म्हणजे उघड्या खडकाळ माळावरून, आरशाने ऊन पाठवायचं आणि तारमास्तरांनी पोस्टाच्या दारातून उत्तर द्यायचं. अंतर चांगलं दीड मैलाचं. आरसा मामींचा, लग्नात आलेला. त्याच्यापुढे धरायचं सूपही मामींचंच. सूप बाजूला केलं की उजेड, आड धरलं की अंधार, असा आखूड-लांब कडकट्ट चालायचा. मामी तेवढा वेळ पाण्याच्या बादलीत पाहून कुंकू लावायच्या आणि दिवसभर वाकड्या कुंकवाने गावभर सांगत फिरायच्या, "तिकडं ह्यायचे निरोप सरळ जातेत, इकडं माहं कपाळ वाकडं." शेजारच्या बंजारा तांड्याचे नाईक एकदा तक्रार घेऊन आले की त्या लखलखाटाने त्यांच्या गाई बिचकतात. आले होते रागात, पण जाताना त्यांना राहवलं नाही. "मामा, येक बात सांगा. रोज रोज बोलता तरी काय?"

मामांनी सरळ सांगितलं, "तो त्याच्या घरची भाजी सांगते. मी माह्या घरची सांगतो."

"बस? भाजी?"

"लाइन चालू ठेवा लागते, नाईक."

हे ऐकल्यावर सगळ्यांत जास्त हसलो मी. नुसता हसून थांबलो नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी स्वतः पांढऱ्या कापसाच्या मिशा लावून, एका हातात थाळी आणि एका हातात सूप घेऊन मामा झालो. "आज वांगी, उद्या वांगी, परवा वांगी" असं म्हणत मी सूप हलवत होतो आणि अख्खा गाव पोट धरून लोळत होता. मामा पहिल्या रांगेत बसले होते. तेही हसले. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले, "हाय का?" म्हणाले, मी "हाव" म्हटलं. "हात लय कच्चा हाय, जवाईबापू. काईच वाचता नाई आलं." एवढं बोलून गेले. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरोखर सगळा वेळ माझ्या सुपातून काही निरोप निघतो का ते पाहिलं होतं. मला मात्र ते वाक्य बरेच दिवस टोचत राहिलं.

त्यानंतरच्या श्रावणात माझी तीन वर्षांची चिमी आजारी पडली. आधी ताप, मग घसा. तांड्यावर मुक्कामाला असलेल्या नर्सबाईंनी चमच्याने जीभ दाबून आत पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. घशात पांढरा पडदा धरला होता. घटसर्प. इंजेक्शन यवतमाळलाच मिळेल, उद्या सकाळपर्यंत मिळालं तर बरं, असं त्या म्हणाल्या. बेंबळा दोन दिवसांपासून दुथडी भरून वाहत होती. नाव चालवणाऱ्या ढिवरांनी डोंगा वर ओढून झाडाला बांधला होता. पाणी उतरायला पहाट होईल म्हणाले. पहाटे पाणी उतरणार, मग माणूस पलीकडे जाणार, मोटार धरणार, यवतमाळला पोचणार, आणि परत येणार. मी मनातल्या मनात ते अंतर मोजत होतो आणि दर वेळी चिमीला उशीर होत होता. आत तिचा श्वास वाजत होता आणि माझी बायको, जिचा राग लवकर यायचा, ती त्या दिवशी कोणावरच रागावत नव्हती.

मी मामांकडे धावत गेलो. "हाय का?" म्हणायचंही मी विसरलो, आणि आयुष्यात एकदाच त्यांनी ते चालवून घेतलं. त्यांनी माझ्या हातात कागद दिला आणि निरोप लिहायला सांगितलं. मी पान भरून लिहिलं, त्यात दोनदा "कृपा करून" होतं, देवाचं नाव होतं, माझ्या हातून झालेल्या चुका होत्या. मामांनी ते सगळं शांतपणे वाचलं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, "मुलगी तीन वर्षं. घटसर्प. इंजेक्शन यवतमाळहून. आजच काठावर." मला म्हणाले, "बाकीचं तुमचं खरं हाय, जवाईबापू. पण ऊन येवढं टिकणार नाई." मग ते आरसा शोधू लागले. त्याच आठवड्यात मामींनी चिडून तो पेटीत कुलपात टाकला होता. मामा काही बोलायच्या आत मामी आरसा घेऊन आल्या, पदराने पुसला आणि सूप काखेत मारून आमच्यापुढे बरडावर चालू लागल्या.

आभाळ सगळं भरून आलेलं. पलीकडचं गाव धुरकट दिसत होतं, हाक जाण्याचा प्रश्नच नव्हता. मामांनी आरसा दगडावर बसवला, काठीची खूण लावली आणि म्हणाले, "आता फक्त तयार राहाचं." अकरा वाजले. ढग फाटला, कवडसा पडला, मामांच्या हातातलं सूप दोनदा हललं. हाय का? पलीकडे काहीच नाही. ढग मिटला. पाऊस येऊन गेला. मामींनी आरशावर पदर धरला, स्वतः भिजल्या. पुन्हा ऊन, पुन्हा हाय का, पुन्हा काही नाही. मी म्हणालो, "अशा पावसात ते दारात कशाला बसतील, मामा? आज कोण पाहतंय?" मामा नदीपलीकडे नजर लावून म्हणाले, "तारा तुटाची वाट पाहणारा हे इचारत नाई." बाराला थोडा वेळ होता. तिसऱ्यांदा ढग फाटला. सूप हललं, आणि पलीकडे टेकाडावर एक ठिणगी चमकली. ते "हाव" होतं. मामींनी माझा हात धरला. मामांचं सूप हलू लागलं, आखूड, लांब, लांब, मला एकही अक्षर कळत नव्हतं, मी फक्त वर ढगाची कड पाहत होतो, ती सरकत येत होती, आणि मामा जराही घाई करत नव्हते. घाईने हात बिघडतो, हे ते मला नंतर कधीतरी म्हणाले. त्यांनी सूप खाली ठेवलं. ऊन अजून होतं. पलीकडे ठिणगी उठली. आखूड, लांब, आखूड. मग ढग आला.

माझ्या आयुष्यात मी वाचलेलं तारेचं ते पहिलं अक्षर. चहाच्या बशीवर ते हजारदा ऐकलं होतं, आणि हसलो होतो.

तारमास्तरांनी तिथल्या तिथे यवतमाळला तार ठोकली. इंजेक्शन संध्याकाळच्या मोटारीने पलीकडच्या काठाला आलं, आणि रात्रभर तारमास्तर ते घेऊन पाण्याजवळच्या खोपट्यात बसून राहिले. पहाटे पाणी उतरू लागलं आणि ढिवराने डोंगा टाकला, तेव्हा औषध आणायला कुठे जायचं नव्हतं. ते काठावर तयार होतं. नर्सबाईंनी सुई दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिमीने पाणी मागितलं. पुढे तारमास्तर भेटले तेव्हा मी त्यांचे पाय धरायला वाकलो आणि विचारलं, त्या पावसात तुम्ही दारात कसे काय बसला होता? ते उलट माझ्याकडेच आश्चर्याने पाहू लागले. "बारा वाजून राह्यले होते ना, मास्तर. मामांची भाजी यायची होती."

मामांचे आभार मात्र मला मानता येईनात. मी मोठं भाषण तयार केलं होतं. त्यात गॅदरिंगची माफी होती, कापसाच्या मिशांचा उल्लेख होता. त्यांच्याकडे जाऊन मी रीतसर "हाय का?" विचारायचो, आणि ते माझा चेहरा पाहून "नाई" म्हणायचे. समोर बसून, चहा पीत, स्वच्छ "नाई". मी पुन्हा विचारायचो, पुन्हा "नाई". मामी हसून म्हणायच्या, "ह्यायले फक्त भाजी सांगा, तेवढंच पोचते." चिमी जरा मोठी झाल्यावर दुपारी त्यांच्याबरोबर बरडावर जाऊ लागली, आणि मी मनाशी म्हणायचो की घाई काय आहे, निरोप तर तयार आहे. अशी महाराष्ट्र राज्यातली पहिली तीन-चार वर्षं निघून गेली.

मग एका हिवाळ्यात मामांनी अंथरूण धरलं. बोलणं थांबलं, डोळे मिटलेले, अधूनमधून क्षणभर उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. बोटही थांबलं होतं. त्यावरूनच मामींनी काय ते ओळखलं. मी तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाटेजवळ बसून होतो. माझं ते मोठं भाषण मला पाठ होतं, आणि तिथे बसल्या बसल्या मी त्यातले शब्द काढून टाकत होतो. माफी काढली, मिशा काढल्या, 'मी'सुद्धा काढला. शेवटी एकच अक्षर उरलं. बाराच्या सुमाराला मामांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मामा, हाय का?" ओठ हलले. मला ते "हाव" वाटलं. मी त्यांचा हात माझ्या हातात घेतला आणि तळव्यावर बोटाने दाबलं. आखूड, लांब, आखूड.

त्यांच्या मिशा जराशा हलल्या. "हात कच्चाच हाय, जवाईबापू," ते म्हणाले. आवाज फार लांबून आल्यासारखा होता. "पण आता वाचता येते."

मग त्यांनी डोळे मिटले. मामींनी बाहेर पाहून कोणाला तरी सांगितलं की बारा वाजले, पलीकडे तारमास्तर वाट पाहत असतील, त्यांना काहीतरी सांगायला हवं. मी मामांचा हात सोडला नाही. तेच अक्षर मी हळूहळू, घाई न करता, पुन्हा पाठवत राहिलो.